स्लॅबवरची टिटवी

स्लॅबवर पडलेली खडी खाली आणायची, एवढंच मी त्या रविवारी ठरवलं होतं. रविवारी माणसानं काही ठरवू नये, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलेलं नाही. ठरवायचंच असलं तर बायकोला विचारून ठरवावं म्हणतात. पण सविताला विचारायला गेलं की ती म्हणते, "आता एवढंही मीच सांगू का?"

तर खडी. घर बांधलं तेव्हा उरलेली. पुढंमागं वर एक खोली काढू, असं मनात होतं. (माझ्या मनात दुमजली बंगला आहे. परभणीच्या जिंतूर रोडकडच्या लेआउटात जे आहे ते एकमजली आहे आणि त्याच्या स्लॅबला अजून कठडासुद्धा नाही.) खोली निघाली नाही, खडी राहिली. मे अर्धा सरला होता. पावसाळ्याच्या आत स्लॅबला वॉटरप्रूफिंगचा हात मारला की मागच्या वर्षीसारखं हॉलमध्ये पातेली मांडून बसायला नको, असा माझा बेत होता.

घमेलं घेऊन जिना चढलो. वर पहिलं पाऊल टाकलं न टाकलं तोच कानाशी कोणीतरी किंचाळलं, "टिटिव-टिव! टिटिव-टिव!" आणि काहीतरी सूं करत डोक्याला वारा घालून गेलं. मी घमेलं डोक्यावर पालथं घातलं आणि खाली बसलो. ते परत आलं. पिवळे काटकुळे पाय, काळी छाती, चोचीपाशी लाल कातडं, आणि नजर अशी की आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी शिकून घ्यावी. मी बसल्या बसल्याच एकेक पायरी उतरत खाली आलो.

"काय झालं? साप आहे का?" सविता स्वयंपाकघरातून ओरडली.

"नाही."

"वानर?"

"नाही गं. पाखरू आहे."

"केवढं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हात पसरून दाखवलं. (हात गरजेपेक्षा जरा जास्तच पसरले गेले.)

"एवढं? मोर आहे का मग?"

"मोर नाही. कोंबडीएवढं... म्हणजे कोंबडीपेक्षा जरा लहान. पण आवाज बघ की त्याचा!"

ती पुन्हा कांदा चिरायला लागली. तिच्या पाठीवरून मला कळलं की माझ्याबद्दल तिचं जे मत होतं तेच कायम आहे.

पण तो आवाज फाटकाजवळच्या खुर्चीपर्यंतही गेला होता. त्या खुर्चीत दादा बसले होते. दादा म्हणजे माझे वडील, माणिकराव. सगळी हयात पेडगावात शेती करण्यात गेली. दिवाळीनंतर आमची आई, झुंबरबाई, गेली आणि मी त्यांना परभणीला घेऊन आलो. शेत बटईनं दिलं. पेडगाव काही लांब नाही, स्कूटरवर बसलं की थोड्या वेळात येतं. पण दादांना ते लांब झालं. गावात सकाळपासून माणसं त्यांना विचारायला यायची, गाय कधी फळवू, बी कुठलं आणू, पोरीचं स्थळ बघू का. इथं लेआउटात त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तेच विचारायचे, "कुठले तुमी?" आणि माणूस कानातल्या वायरीकडं बोट दाखवून निघून जायचा.

हळूहळू ते गप्प झाले. ताटात पडेल ते खायचे. सविता विचारायची, "मामा, मीठ बरोबर आहे ना?" ते म्हणायचे, "हाय तसं बरं हाय." आता हे वाक्य ऐकून कोणत्याही सुनेला आनंद व्हावा. पण आमची आई असताना ह्या माणसानं एक दिवस भाजीला नाव ठेवल्याशिवाय हात धुतला नव्हता. मला त्या वाक्याची भीती वाटायची, खरंच सांगतो.

त्या दिवशी ते खुर्चीतून उठून आले. "टिटवी हाय का रं वर?"

"आहे. तुम्ही जाऊ नका दादा, डोळे फोडील."

"तुजं फोडील. माजं कामून फोडील?" असं म्हणून गुडघ्यावर हात ठेवत ते जिना चढले. मी त्यांच्या मागं, घमेल्यासकट. वर गेल्यावर ते लांबच उभे राहिले. मग बसले. कपाळावर हात धरून बघत राहिले. टिटवी जरा वेळ बोंबलली आणि मग, माझा विश्वास बसेना, लांब पाय टाकत खडीवर जाऊन बसली. ऊन असं की चप्पल भाजत होती. हे दोघं एकमेकांकडं बघत बसले होते.

खाली आले तेव्हा दादांचा चेहरा आई जाण्याआधीचा होता.

"चार हायेत," ते म्हणाले. "टोकं खाली."

हे सांगायला हवं, नाहीतर शहरातल्या माणसाला वाटेल म्हातारा भ्रमला. आमच्या गावाकडं टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस बघतात. चार अंडी असली तर चारही महिने पाऊस. टोकं खाली असली तर जोराचा. टिटवीनं ओढ्याच्या पात्रात घातली तर पाणी नाही, बांधावर-उंचवट्यावर घातली तर पाणी भरपूर, कारण तिला आधीच कळतं आणि ती पिल्लं वाचवते. दरवर्षी उन्हाळ्यात दादा शिवारभर हिंडून टिटवीची अंडी शोधायचे आणि पारावर येऊन सांगायचे, आणि अर्धं गाव त्यावर पेरायचं. दादांचं चुकलेलं कोणाला आठवत नाही. (चुकलेलं कोणी लक्षात ठेवत नसेल, हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर काय हवं होतं.)

"आन ही तर बग," दादा वर बोट करून म्हणाले, "सिलॅपवर! लिंबाच्या शेंड्याएवढी उच्ची. माज्या जल्मात एवढ्या वर घातलेली बगितली न्हाई. भागवत, औंदा पाणी लय हाय."

त्या दुपारी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, "भाजीत मीठ हाय का नुसतंच पाणी?" सविता आत येऊन पदरानं डोळे पुसत मला हळूच म्हणाली, "अहो, मामांनी नाव ठेवलं हो भाजीला!" आम्ही दोघं ओट्यापाशी वेड्यासारखे हसत उभे राहिलो. इतका आनंद झाला होता की मी दुसरी गोष्ट ठरवली. तोच रविवार, लक्षात घ्या.

हेल्मेट घालून वर गेलो, लांबून अंड्यांचा फोटो काढला आणि आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'श्री. माणिकराव यांचा अंदाज. यंदा अतिवृष्टी. ओढ्याकाठची काळी जमीन पेरू नये, पाणी साचून पीक चिभडेल. हलक्या मुरमाड बरडावर पेरावे. कळावे.' काळी आणि बरडाचं दादा स्वतः फोनवर गावाकडच्या आप्पाकाकांना सांगत होते, तेवढं खरं. 'अतिवृष्टी' मात्र माझी. 'पाणी लय हाय' हे मला लेखी बरं दिसेना. वीस वर्षं ऑफिसात पत्रं लिहिणाऱ्या माणसाच्या हातात मोबाइल देऊ नये.

दोन दिवसांत ऑफिसातल्या बन्सीधरनं तोच फोटो मला दाखवला. त्याची सासुरवाडी बोरीची. तिकडून आला होता. 'ज्येष्ठ हवामान अभ्यासक माणिकराव' असं झालं होतं आणि फोटोभोवती विजा चमकत होत्या. राणीसावरगावच्या एकाकडून आला तेव्हा अंडी सात झाली होती.

मग माणसं यायला लागली. पहिली जीप पेडगावची. त्यात आप्पाकाका, म्हणजे आप्पाराव, दादांचे लंगोटीयार. दोघांच्या शेताचा बांध एकच. त्यांच्याबरोबर दगडाकाकू, जिला गावात सगळे भितात, आणि आणखी पाचसहाजण. दगडाकाकूनं येताना हळदकुंकू आणलं होतं. टिटवी आकाश डोक्यावर घेत होती आणि काकू लांबून तिच्या दिशेनं कुंकू उधळत होती. बरंचसं माझ्या शर्टावर आलं. सविता चहावर चहा ठेवत होती. शेजारच्या सत्यशीलाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "भागवतराव, टिटवी घरावर ओरडते ती चांगली नसते हो. कोणीतरी जातं म्हणे."

"आमची साखर गेली," सविता आतून ओरडली, "एवढ्यावर भागवा म्हणावं तिला!"

स्लॅबवर सगळे बघून झाल्यावर आप्पाकाका मागं राहिले. त्यांची ओढ्याकाठची काळी म्हणजे गावातली पहिल्या नंबरची जमीन. ते दादांना म्हणाले, "माणिक, मंग म्या काळी पड ठिवू का?"

दादांनी परत एकदा अंड्यांकडं बघितलं. मी बाजूलाच होतो. "ठिव," ते म्हणाले.

"ठिवतो," आप्पाकाका म्हणाले आणि खाली उतरले. झालं. एवढंच बोलणं. माझ्या ऑफिसात एवढ्या गोष्टीला सहा सह्या लागल्या असत्या.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात टिटवीचं राज्य होतं. वॉटरप्रूफिंग रद्द. पापड-कुरडयांचे दिवस, पण स्लॅबवर जायचं नाही, म्हणून सविता चीक घेऊन सत्यशीलाबाईंच्या स्लॅबवर जायची, आणि परत येताना तिच्या कुरडया कमी झालेल्या असायच्या. दादांनी वर परातीत पाणी ठेवलं. टिटवी त्यात पोट भिजवून यायची आणि अंड्यांवर उभी राहायची, त्यांना गार वाटावं म्हणून. दादा जिन्याच्या तोंडाशी बसून हे बघायचे आणि फोनवर आप्पाकाकांना सांगायचे. रोज फोन. "आज नर बसलाय. ती पाण्याला गेलीय." गावातले बाकीचेही फोन करायचे. माणिकराव, तूर टाकू का? माणिकदादा, सोयाबीन कोणतं आणू? म्हाताऱ्याचा आवाज खणखणीत झाला होता. मी ऑफिसातून आलो की फाटकातच सांगायचे, "आज लय फोन आले रं." मला तेव्हा त्या पाखराला मिठी मारावीशी वाटायची. (त्याला वाटत नव्हतं. सगळ्यांना सोडून ते एकट्या माझ्यावरच झडप घालायचं.)

मृगात पाऊस झाला. एक चांगला पाऊस. गावानं पेरलं. बरडावर पेरलं आणि ओढ्याकाठच्या काळ्या जमिनी तशाच ठेवल्या. आप्पाकाकांनी फोनवर सांगितलं, "माणिक, तुज्या शबदावर सोडली बग काळी." दादा हसले.

त्यानंतर चारदोन दिवसांनी अंडी फुटली. पिल्लं म्हणजे काय, खडीला पाय फुटले होते. हलली की दिसायची, थांबली की नाहीशी व्हायची. दादा इतके खूश की त्यांनी सत्यशीलाबाईंना बोलावून दाखवली. आम्हाला वाटलं, आता ही मोठी होतील, उडतील. दादांनाही तसंच वाटलं. त्यांनी जन्मभर टिटवीची पिल्लं जमिनीवर बघितली होती. जमिनीवर पिल्लू आईमागं चालत जातं. स्लॅबवरून ते कुठं चालणार, हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही टिटव्या रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर जाऊन ओरडायला लागल्या. आमच्या लेआउटात तेवढा एकच प्लॉट बांधायचा राहिला होता. त्या खालून बोलावत होत्या आणि वर पिल्लं स्लॅबच्या कडेला येऊन उभी राहिली होती.

"उडी मारत्यात!" दादा ओरडले. "चादर आण, चादर!"

सवितानं हाताला लागली ती ओढली. पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवलेली, माहेरची. एक टोक तिनं, एक सत्यशीलाबाईंनी, दोन मी. चादर अजून उलगडतच होतो तोवर पहिल्या पिल्लानं उडी मारली. ते आमच्यापासून हातभर लांब पेव्हर ब्लॉकवर पडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"डावीकडं! डावीकडं सरका!" दादा. मी डावीकडं सरकलो. ती माझी डावी बाजू होती, बाकीच्या दोघी माझ्या समोर उभ्या असल्यानं त्या उलट्या सरकल्या. चादरीचा पीळ झाला, माझा पाय त्यात अडकला आणि मी उताणा पडलो. त्याच वेळी दुसरं पिल्लू आलं आणि माझ्या पोटावर पडलं. माझ्या पोटाचा आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोग झाला. पुढची दोन सवितानं आणि सत्यशीलाबाईंनी नीट झेलली. तिन्ही पिल्लं चादरीतून उतरली आणि तुरुतुरु रस्ता ओलांडून आईबापाकडं गेली. सत्यशीलाबाई टाळ्या वाजवायला लागल्या. मी उठून कपडे झटकत होतो, शाबासकी घ्यायच्या तयारीत.

दादांनी पेव्हरवरचं पिल्लू उचललं होतं. तळहातावर ठेवून ते उभे होते. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. आमच्या ओळीकडं, मागच्या ओळीकडं, पत्र्याच्या शेडकडं, सिमेंटच्या रस्त्याकडं, आणि त्या एका प्लॉटकडं, ज्यावर नव्या घराच्या पायाच्या आखणीची पांढरी फक्की टाकून झाली होती.

"भागवत," ते म्हणाले, "हितं समदं रान होतं. बैलगाडी घेऊन आमी बाजाराला याचो तवा ह्या माळावर टिटव्याच टिटव्या. पाय ठिवू देत नव्हत्या."

"हो का," मी म्हणालो.

"ही पाण्याला भिऊन वर चढली न्हाई रं."

"मग?"

"खाली जागाच न्हाई ऱ्हायली तिला."

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. कळलं तेव्हा जे बोलू नये ते मी बोललो. "म्हणजे मग... पावसाचा अंदाज?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. "आप्पानं काळी पड ठिवलीय," ते म्हणाले, आणि पिल्लू पुरायला लिंबाच्या झाडाकडं निघून गेले. त्यांनी मला खणू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या प्लॉटवर जेसीबी आला. मालकाचंही काही चुकलं नाही, त्याला घर हवं होतं, जसं मला हवं होतं. दोन दिवस टिटव्या जेसीबीवर झडपा घालत ओरडत होत्या. नंतर आवाज बंद झाला. पिल्लं कुठं गेली, कोणी बघितलं नाही. सत्यशीलाबाई भिंतीवरून विचारायला आल्या, "आज ओरडत नाही हो ती?" आणि उत्तर न घेताच आत गेल्या.

आणि पावसानं ओढ दिली. आषाढ निम्मा गेला तरी टिपूस नाही. बरडावरचं पीक वीतभर वर आलं आणि माना टाकायला लागलं. काळ्या जमिनीत ओल धरून राहते, तिथं पेरलं असतं तर तगलं असतं, हे मलासुद्धा कळत होतं, म्हणजे दादांना किती कळत असेल. ग्रुपवर कोणी दादांचं नाव काढलं नाही. शिव्या दिल्या नाहीत, टोमणा मारला नाही. लग्नपत्रिका आणि वाढदिवस चालू होते. एकानं जरी वाकडं लिहिलं असतं तरी मी भांडलो असतो, तेवढीच माझी सोय झाली असती.

आप्पाकाकांचा फोन यायचा बंद झाला. दादा सकाळी आंघोळ करून फोन समोर ठेवून बसायचे. संध्याकाळी उचलून चार्जिंगला लावायचे. आपण होऊन त्यांनी एकदाही केला नाही. "मामा, मीठ बघा जरा," सविता म्हणायची. "हाय तसं बरं हाय." तिनं एक दिवस मुद्दाम भाजीत मीठ घातलंच नाही. त्यांनी ती गपचूप खाल्ली. ती मोरीत जाऊन रडली. मी काय केलं? मी स्लॅबवरची खडी खाली आणली. तेव्हा मला कोणीच अडवलं नाही.

एका सकाळी दादा टोपी घालून तयार होते. "मला गावाकडं सोड."

"दादा, कशाला? कोणी काही म्हणत नाही तुम्हाला."

"म्हून तर जायचंय."

स्कूटरवर ते माझ्या पाठीमागं बसले. रस्त्यानं दोन्ही बाजूला पिवळं पडलेलं सोयाबीन होतं. आमच्या शेताजवळून गेलो तेव्हा माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला, एवढंच.

मारुतीच्या पारावर माणसं होती. पीक धड मरेना, धड जगेना, अशा दिवसांत माणसांना दुसरं काम नसतं. दादांना बघून दोघंतिघं सरकले. "या माणिकराव. बसा की." दादा बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली. पाराच्या पार टोकाला आप्पाकाका बसले होते, पाठमोरे, हातातल्या काडीनं मातीत रेघा ओढत. त्यांनी वळून बघितलं नाही.

"माजं चुकलं," दादा म्हणाले. "तुमी कोणी म्हणत न्हाईत, पर माजं चुकलं. टिटवी खोटं बोलली न्हाई. तिला नावं ठिवू नका. ती म्हणत होती, मला खाली जागा न्हाई ऱ्हायली. म्या ऐकलं, पाऊस येणार हाय. मला हितं कोणी तरी काही तरी इचारावं वाटत होतं, म्हून तसं ऐकू आलं आसंल."

मी मान खाली घातली. बापाला असं उघड्या डोक्यानं गावापुढं उभं राहिलेलं बघायची वेळ कोणावर येऊ नये. मग दगडाकाकू, समोरच्या ओट्यावरून, एरवीपेक्षा पुष्कळ हळू आवाजात म्हणाली, "मंग आता आमाला सांगावं कोणी, माणिकदादा?"

दादा हातातली टोपी फिरवत राहिले. आप्पाकाकांची काडी थांबली होती, पण पाठ तशीच होती.

आणि इथं मी पुढं झालो. मला शांतता सहन होत नाही, हा माझा जुना आजार आहे. "काकू, काही काळजी करू नका," मी म्हणालो आणि खिशातून मोबाइल काढला. "आता ते दिवस गेले. सॅटेलाइट असतो. गावागावाचं सांगतं. थांबा, पेडगाव टाकतो." सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. इतकी माणसं माझ्याकडं एकदम माझ्या लग्नातही बघत नव्हती. मी घसा साफ केला आणि स्क्रीनवर जे आलं ते, आधी स्वतः न वाचता, मोठ्यानं वाचलं.

"पेडगाव. सध्या मुसळधार पाऊस सुरू आहे."

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. ऊन असं पडलं होतं की पारावरच्या फरश्या चमकत होत्या. समोर एक कोंबडी फुफाट्यात अंग घुसळत होती. माझ्या मोबाइलवर मात्र निळे थेंब टपाटपा पडत होते. मी तो हलवून बघितला. थेंब पडतच राहिले.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दादांनी एकदा आभाळाकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चल बाबा घरी. भिजशील."

आई गेल्यापासून दादांनी केलेली ही पहिली थट्टा. कोणाला तरी नाकातून फुसकन हसू आलं. आप्पाकाका गुडघे कडाकडा वाजवत उठले. खांद्यावरची दस्ती झटकली, सगळा पार ओलांडून आले आणि ती घामट दस्ती त्यांनी माझ्या डोक्यावर नीट पांघरली.

"आसू दे रं," ते म्हणाले. "शेरातलं लेकरू हाय, सर्दी व्हईल." मग दादांकडं न बघता म्हणाले, "माणिक, भाकर खाऊन जा."

पार हसायला लागला. दादाही हसले, आणि हसता हसता त्यांनी टोपीनं डोळे पुसले. कोणी बघितलं तरी बघितल्याचं दाखवलं नाही. दोघं म्हातारे पुढं चालायला लागले, आप्पाकाकांच्या घराकडं. पाऊस त्यानंतरही पुष्कळ दिवस आला नाही. आप्पाकाकांची बरडावरची पेर हातची गेली, आणि त्या वर्षी काळीत काही झालं नाही. दोघांच्या जेवणात त्याचं नाव निघालं नाही. दादा फक्त म्हणाले, "वैनी, कालवणात मीठ जादा झालंय," आणि वैनींनी त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही.

पण ते नंतरचं. तेव्हा मी त्यांच्या मागून चाललो होतो, भर उन्हात, डोक्यावर दस्ती घेऊन. ती काढायची मला हिंमत होत नव्हती. पारापासून आप्पाकाकांचं घर फार तर शंभर पावलं असेल, पण बातमी माझ्या आधी पोचली होती. गल्लीतल्या प्रत्येक दारातून कोणी ना कोणी डोकं बाहेर काढून मोठ्या काळजीनं विचारत होतं, "काय भागवतराव, लय भिजलाव का?"